घरातनं धंदा करताय? मग विमा कशाकशाचा काढायचा ते बघा

2019 च्या ऑगस्टात पुराचं पाणी ओसरल्यावर विमा कंपनीनं नुकसान बघायला नेमलेले सर्व्हेअर साहेब आमच्या घरी आले, चिखलातनं वाट काढत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. फ्रीज बघितला, कपाट बघितलं, गाद्या बघितल्या, फोटो काढले, सगळं लिहून घेतलं. मग पुढच्या खोलीत आले. तिथं ओळीनं मांडलेली चार शिलाई मशिनं होती, मोटरीतनं अजून पाणी ठिबकत होतं, ती बघून म्हणाले, "ताई, हे घरसामान नाही, हे धंद्याचं सामान आहे. या पॉलिसीत नाही बसत." झालं. फ्रीजचे पैसे मिळाले आणि ज्या मशिनांच्या जिवावर तो फ्रीज घेतला होता त्यांचे नाही मिळाले.

मी शुक्रवार पेठेत राहते, ब्लाउज शिवते, आरी वर्क करते, हाताखाली दोन पोरी आहेत. पाटी नाही, शटर नाही, गिऱ्हाईक दारात चपला काढून सरळ पुढच्या खोलीत. असले धंदे कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, कुणी कांदा-लसूण मसाला करून देतंय, कुणी केक, कुणी कोल्हापुरी चपला घरातनं ऑनलाइन विकतंय, हुपरीत तर घराघरात चांदीचं काम, आणि बहुतेकांना वाटतं घराचा विमा आहे म्हणजे सगळं झालं. मी एजंट नाही, कुठल्या कंपनीची माणूस नाही, पण दोन महापूर आणि दोन क्लेम पदरात पडलेत, तेवढ्यातनं जे कळलं ते लिहिते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी घराच्या पॉलिसीचं बघू. 1 एप्रिल 2021 पासून आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना एकाच नमुन्याची घराची पॉलिसी विकायला लावलीय, नाव 'भारत गृह रक्षा'. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड असलं सगळं त्यात येतं. बिल्डिंगचा विमा काढला की त्याच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख, एवढं घरातलं सामान आपोआप धरतात, यादी द्यायला लागत नाही. पॉलिसी चांगली आहे, पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर घ्याच. पण सामान म्हणजे टीव्ही, फ्रीज, कपाट, भांडीकुंडी. तुमचा विकायचा माल, कच्चा माल, धंद्याची मशिनं यात गृहीत धरू नका. आणि होमलोन घेताना बँकेनं जो विमा गळ्यात मारलाय त्याचा कागद तर आज रात्रीच काढून बघा, त्यात नुसत्या भिंती आणि स्लॅब असतो कित्येकदा, आतलं काहीच नाही. माझ्या भावजयीनं बारा वर्षं हप्ता भरला आणि पॉलिसी एकदा पण उघडून बघितली नव्हती.

धंद्यासाठी त्याच तारखेपासून आलेली दुसरी पॉलिसी म्हणजे 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका जागेवरची सगळी मिळून मालमत्ता 5 कोटींपर्यंत असली की ही लागू होते. 5 कोटी ऐकून बिचकू नका, ती वरची मर्यादा आहे, खाली तुमची तीन-चार लाखांची मशिनं आणि कापड पण बसतं. यात मशिनं, फर्निचर, स्टॉक असं वेगवेगळं लिहून रक्कम घालायची. काही कंपन्या दुकानदारांसाठी पॅकेज पॉलिसी देतात, त्यात आगीबरोबर चोरी, पैसे, काच, मशीन बंद पडणं असे भाग जोडता येतात. घरातल्या धंद्याला ते पॅकेज देतात का हे सरळ विचारायचं. एक नाही म्हणाला तर दुसरीकडं जायचं, मी तिघांना विचारलं, एकानं फोनच उचलला नाही परत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा मागायचा अर्ज. एजंट काका चांगले असतात, घरचे असतात, लग्नाला येतात, पण फॉर्म भरताना म्हणतात "कशाला सांगताय शिवणकाम, राहतं घर लिहूया, प्रीमियम कमी बसंल." इथंच फसतो आपण. विम्याचा सगळा व्यवहार खरं सांगण्यावर चालतो, तुम्ही लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी बरोबर बाहेर येते कारण सर्व्हेअर घरातच येऊन उभा राहतो की ओ. म्हणून फॉर्मवर स्पष्ट लिहायचं: राहतं घर आहे, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत शिवणकाम चालतं, माल माळ्यावर असतो, मशिनं इतकी, माणसं इतकी. मसाला असेल तर कांडपाचा डंख किंवा दळायचा पल्व्हरायझर आहे ते लिहा, केक असेल तर ओव्हन आणि गॅस लिहा. पूर्वी पाणी आलेलं असेल तर ते पण लिहा. आणि फॉर्म दिल्यावर तोच मजकूर एक ईमेल करून कंपनीला पाठवा, दोन ओळींचाच, पण पुरावा राहतो. पॉलिसी हातात आल्यावर पत्ता आणि धंद्याचं नाव बरोबर आहे का बघा, माझ्या पहिल्या कागदावर घर नंबर चुकलेला होता, दुरुस्त करून घ्यायला तीन आठवडे.

भाड्याच्या घरात असाल तर भिंतींचा विमा घरमालकाचा, तुमचा फक्त आतला माल. फक्त मालाची आणि मशिनांची पॉलिसी मिळते, घर आपलं नाही म्हणून गप्प बसायची गरज नाही.

धंदा आहे याचा कागद नाही म्हणून पण लोक अडतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, त्याला पैसे मागणारा भेटला तर उठून या. शॉप अ‍ॅक्टला माझ्यासारखी दोन-चारच माणसं असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणं लायसन लागत नाही, नुसती ऑनलाइन माहिती द्यायची, तिची पावती येते. खाण्यापिण्याचं असेल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षेचा कागद, हवाच. हे तीन कागद एका फाइलीत असले की फॉर्मवर लिहिलेलं आणि घरात दिसणारं जुळतं.

आता रक्कम किती लावायची. इथं मी दुसऱ्यांदा मार खाल्ला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

2019 च्या नंतर मी शहाणी झाले आणि 2021 च्या मे महिन्यात धंद्याची पॉलिसी काढली. भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण होती, त्याच्यावर चार बोटं सोडून यांनी लोखंडी मांडणी ठोकली आणि सगळा माल तिच्यावर. जुलैत परत पाणी आलं. 2019 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 ला 56 च्या वर गेलं, आणि आमच्या भिंतीवर ते जुन्या खुणेच्या वीतभर वर चढलं. चार बोटं कमी पडली बघा. खालच्या फळीवरचं अस्तर, ब्लाउज पीस, मण्यांचे डबे, तयार आरी ब्लाउज, सगळं भिजलं.

मी स्टॉकची रक्कम लावली होती 2 लाख, दरवर्षीचा अंदाज तेवढाच. पण कोरोनात लग्नं लहान झाली, माल खपला नव्हता, त्यामुळं त्या दिवशी घरात माल होता 3 लाखांचा. भिजला 90 हजारांचा. मला वाटलं 2 लाखांचा विमा आहे, 90 हजार त्याच्या आतच की, पूर्ण मिळतील. नाही मिळत. 3 लाखांच्या मालाचा 2 लाखांचाच विमा म्हणजे दोन तृतीयांश विमा, म्हणून नुकसानीचे पण दोन तृतीयांशच, 60 हजार, आणि त्यातनं एक्सेस म्हणून ठरलेली रक्कम अजून कापली. याला अ‍ॅव्हरेज म्हणतात. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर सोडून देतात, म्हणजे माझा माल 2 लाख 30 हजारांचा असता तर कापलं नसतं. घराच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत हे अ‍ॅव्हरेजचं लफडं नाही, म्हणून लोक दोन्हीत घोळ करतात.

तर रक्कम लावताना वर्षातला सगळ्यात भरलेला दिवस धरायचा. शिवणाऱ्यांचा गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा, मसाल्यावाल्यांचा मिरची घेतात तो मार्च-एप्रिल, दिवाळी फराळवाल्यांचा तर सांगायलाच नको. त्या दिवशी घरात किती माल असतो? त्याची खरेदीची किंमत अधिक त्यावर झालेला खर्च. विकायची किंमत लावू नका, नफा भरून देत नाहीत, उगंच जास्तीचा प्रीमियम जातो. मशिनांचं उलटं, ती आज नवीन घ्यायला किती लागतील ते लिहायचं, 2012 साली किती दिले ते नाही, कारण मशिनांचा आणि फर्निचरचा हिशोब नव्याला नवं असा होतो.

मोजायचं कसं? मी आता वर्षातनं दोनदा मोजते. मोबाइल हातात घेऊन एक व्हिडिओ, दारापासनं सुरू, प्रत्येक फळी, प्रत्येक डबा उघडून, तोंडानं बोलत जायचं, "हे अस्तर चाळीस मीटर, हे कुंदन दोन किलो." आत्या हसतात, म्हणतात एकटीच काय बडबडतीयस. मशिनांच्या नंबर प्लेटचे जवळनं फोटो. बिलं सगळी गूगल ड्राइव्हवर, कारण 2019 ला बिलांची फाइल पण मालाबरोबरच भिजली होती. राजारामपुरीतल्या होलसेलवाल्यानं डुप्लिकेट बिलं काढून दिली म्हणून निभावलं, सगळे देतीलच असं नाही. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाचं काहीच दाखवता येत नाही हे पण तेव्हाच कळलं, तेव्हापासनं पक्कं बिल.

दुसऱ्याचा माल. हे कुणीच सांगत नाही. माझ्या कपाटात कधीही बघा, पंचवीस-तीस साड्या आणि ब्लाउज पीस गिऱ्हाइकांचे असतात. एखादी पैठणी माझ्या सगळ्या मशिनांपेक्षा महाग. पॉलिसीत तुमचा माल म्हणजे तुमच्या मालकीचा माल, लोकांनी विश्वासानं ठेवलेला माल वेगळा लिहून घेतला नाही तर तो धरत नाहीत. इंग्रजीत पॉलिसीवर 'हेल्ड इन ट्रस्ट' असे शब्द असतात, ते शब्द तुमच्या कागदावर आलेत का बघायचं, त्याची रक्कम पण वेगळी लावायची. इस्त्री, ड्रायक्लीन, मोबाइल रिपेअर, शिलाई, भरतकाम, सगळ्यांना हे लागू. आणि चांदीवाल्यांना तर सगळ्यात जास्त, व्यापाऱ्याची चांदी घरात घेऊन मजुरीवर पैंजण करणाऱ्याचं काय, चांदी त्याची नाही पण गेली तर भरून त्यालाच द्यायची. सोनं-चांदी साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला ज्वेलर्स ब्लॉक नावाची वेगळी पॉलिसी असते, आणि ज्याची चांदी आहे त्या व्यापाऱ्याच्या पॉलिसीत कारागिराकडं असलेला माल धरलाय का ते आधी त्यालाच विचारा. असला तर तुमचा खर्च वाचला. गिऱ्हाइकाची साडी घेताना मी आता पावतीवर साडीचा रंग आणि तिनं सांगितलेली किंमत लिहिते, दोघींच्या सह्या. पहिल्यांदा बायकांना विचित्र वाटलं. 2021 नंतर कुणी काही बोलत नाही.

पॉलिसीत काय नसतं ते वाचायचं, बाकीचं एजंट सांगतोच.

चोरी. आगीच्या पॉलिसीत, सूक्ष्म उद्यम पण त्यातलीच, साधी घरफोडी नसते, बर्गलरी म्हणजे घरफोडीचा भाग वेगळा जोडायचा. आणि जोडला तरी कुलूप तोडून, खिडकी उचकटून, जबरदस्तीनं घुसल्याची खूण लागते, पोलिसांत एफआयआर लागते. भर दुपारी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईनं दोन ब्लाउज पिशवीत सरकवले तर त्याचं काही मिळत नाही. पुरात घर सोडून जाताना लोक हीच भीती धरून बसतात आणि घर सोडत नाहीत. सूक्ष्म उद्यममध्ये पूर, आग असल्या घटनेमुळं झालेली चोरी सात दिवसांच्या आतली असेल तर धरतात, एवढा तरी आधार आहे, तेवढ्यासाठी जीव धोक्यात घालू नका.

मशीन आतल्या आत जळणं. व्होल्टेज वरखाली झालं, शॉर्टसर्किट झालं आणि ओव्हनचं पॅनेल उडालं, तर त्या ओव्हनचे पैसे आगीच्या पॉलिसीत मिळत नाहीत. त्यातनं आग लागून शेजारचा माल जळला तर त्याचे मिळतात. मशीनसाठी मशिनरी ब्रेकडाउन, कॉम्प्युटर-प्रिंटरसाठी इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट असे वेगळे कव्हर. चार घरगुती मशिनांसाठी मला ते परवडत नाही म्हणून मी घेतलेलं नाही, पण कुणाची एम्ब्रॉयडरीची कॉम्प्युटराइज्ड मशीन असेल, लाखांतली, त्यानं जरूर विचारावं. तसंच फ्रीजरमधला माल, लाइट गेली आणि आइस्क्रीम वितळलं, ते साध्या पॉलिसीतनं कुणी देत नाही.

खाण्याचा धंदा असणाऱ्यांना अजून एक भीती आहे, ती मालाच्या नुकसानीपेक्षा मोठी. तुमच्या लाडवानं, मसाल्यानं, केकनं कुणी आजारी पडलं तर? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचा, म्हणजे मालामुळं इजा झाली तर येणाऱ्या जबाबदारीचा, अख्खा भाग आहे, घरातनं करता म्हणून सूट नाही. अन्न सुरक्षा कायदा 2006 चं कलम 65 बघा, अन्नामुळं ग्राहकाचा मृत्यू झाला तर किमान 5 लाख, गंभीर इजा असेल तर 3 लाखांपर्यंत, बाकीच्या इजेला 1 लाखापर्यंत भरपाई. यासाठी प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी असते. हळदीकुंकवाला वीस डबे देणाऱ्यानं धावत जाऊन काढावी असं मी म्हणणार नाही, पण दुकानांना माल लावताय, पुण्या-मुंबईला पाठवताय, तर कोटेशन मागवाच. बॅच नंबर आणि तारीख डब्यावर टाकायची सवय लावा, कुठली मिरची कुठल्या डब्यात गेली हे सांगता आलं पाहिजे. गिऱ्हाईक घरात येऊन पायरीवरनं घसरलं, मोडलं काही, तर ती पब्लिक लायबिलिटी, पॅकेज पॉलिसीत हा भाग घेता येतो.

गॅसचं पण इथंच सांगते. घरगुती 14.2 किलोची टाकी धंद्याला वापरायला कायद्यानं बंदी आहे, धंद्याला 19 किलोची निळी. सगळे लाल टाकीवरच करतात, माहिती आहे मला. पण तेल कंपन्यांनी गॅस ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, अपघातात मृत्यू झाला तर माणशी 6 लाख, दवाखान्याला माणशी 2 लाखांपर्यंत, नोंदवलेल्या पत्त्यावरच्या नुकसानीला 2 लाखांपर्यंत. त्यासाठी आपला प्रीमियम नसतो. घरगुती टाकीवर रोज पन्नास किलो फराळ तळताना स्फोट झाला तर हा विमा आणि तुमची स्वतःची पॉलिसी दोन्हीकडं प्रश्न विचारले जाणार, आणि उत्तर काय देणार?

माल पोचवताना. घरातली गाडी, मुलगा कॉलेजवरनं आला की दोन पार्सल टाकून येतो. दुचाकीच्या पॉलिसीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की भाड्यानं आणि मालवाहतुकीसाठी वापर चालणार नाही, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून. कधीमधी एक डबा नेला म्हणून कुणी उठून बघत नाही, पण मागं मोठी पेटी बांधून रोज डिलिव्हरी असेल तर गाडीचा वापर कंपनीला सांगून पॉलिसी तशी करून घ्या. कुरिअरनं जाणाऱ्या मालाला इनलँड ट्रान्झिट, म्हणजे देशातल्या देशात वाटेतल्या मालाचा विमा. त्याचं विमावाल्यांकडचं नाव मरीन इन्शुरन्स, रंकाळ्याच्या पलीकडं पाणी न बघितलेल्या माणसाला मरीन पॉलिसी घ्या म्हटलं की हसतो, पण नाव तेच आहे. त्यात पण उशीर झाला म्हणून नुकसान धरत नाहीत. 2019 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गाड्या दिवसेंदिवस थांबल्या, नाशवंत माल सडला, असल्याचे पैसे या पॉलिसीत येत नाहीत.

हाताखालची माणसं. माझ्याकडच्या दोघींपैकी एकीच्या बोटातनं एकदा सुई आरपार गेली, मशीनची. सीपीआरला, इथल्या सरकारी दवाखान्यात, नेलं, निभावलं. कामावर असताना काही झालं तर जबाबदारी मालकावर येते, आणि दोन पोरींची असली तरी मी मालकच. या जबाबदारीसाठी म्हणून पॉलिसी मिळते, एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन नावानं, पगारावर प्रीमियम ठरतो. शिवाय दोघींना बँकेत नेऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढून दिली, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70. खात्यातनं मे महिन्यात आपोआप कटतात, खात्यात 20 रुपये ठेवायचं विसरतात तेवढंच लक्ष ठेवायचं. 436 रुपयांची जीवन ज्योती पण आहे, 18 ते 50 वयापर्यंत काढता येते, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी 2 लाख.

आणि तुम्ही स्वतः. नोकरदाराला सुट्टी मिळते, आपला हात मोडला की धंदा बंद. पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी घेताना काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळण्याचा भाग आहे का ते विचारा, शिवणाऱ्याला आणि गाडीवर फिरणाऱ्याला तोच उपयोगी. मेडिक्लेमवर आणि आयुर्विम्यावर, म्हणजे स्वतःच्या आणि घरच्यांच्या पॉलिसीवर, 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी शून्य झालाय, जुन्या कोटेशनवर अजून कुणी 18 टक्के लावून दाखवत असेल तर लगेच विचारा. धंद्याच्या मालाच्या पॉलिसीवर मात्र आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे, रेशनकार्ड जपून ठेवा, पण सगळे आजार आणि सगळे दवाखाने त्यात नाहीत म्हणून वेगळा मेडिक्लेम असलेला बरा.

मुद्रा किंवा दुसरं धंद्याचं कर्ज असेल तर बँक स्टॉकचा विमा काढते आणि खात्यातनं पैसे कापते, पॉलिसी मात्र त्यांच्याच कपाटात. झेरॉक्स मागून घ्या. पत्ता कुठला लिहिलाय, रक्कम कर्जाएवढी आहे का मालाएवढी, कधी संपते, हे बघा. क्लेमचे पैसे आधी कर्जखात्यात जातात हे पण लक्षात असू द्या, हातात येतील म्हणून हिशोब धरू नका.

कधी काढायचा? एप्रिल-मे. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट झालं की इशारा, 43 ला धोका, आणि आपल्याकडं 39 झालं की सगळ्यांना विमा आठवतो. पैसे भरून कंपनीनं स्वीकारल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, आणि पाणी दारात असताना कोण स्वीकारणार? रिन्युअल पण जून-जुलैत येत असेल तर ते मेमध्ये ओढून घ्या.

पाणी आलंच तर. घर सोडायच्या आधी वेळ असला तर माल वर टाका, आणि टाकतानाचा फोटो घ्या, आपण वाचवायची खटपट केली हे दिसलं पाहिजे. मेन स्विच बंद. परत आल्यावर मशीन चालतंय का म्हणून बटण दाबू नका, गाडीला तर स्टार्टर अजिबात मारू नका, इंजिनात पाणी असताना मारला की ते नुकसान साध्या गाडीच्या पॉलिसीतनं निघत नाही, इंजिन प्रोटेक्ट नावाचा भाग जोडलेला असला तर गोष्ट वेगळी. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेजवळ टेप धरून फोटो काढा. त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल, क्लेम नंबर लिहून घ्या. भिजलेला माल सर्व्हेअर बघेपर्यंत फेकायचा नाही, हे फार अवघड जातं, वास सुटतो, शेजारीपाजारी बोलतात, महापालिकेची गाडी दारात उभी असते. अगदीच सडलेलं असेल तर व्हिडिओ काढून, वजन करून, थोडा नमुना ठेवून मग द्या, आणि तसं कंपनीला ईमेलवर आधी कळवा. तलाठ्याचा पंचनामा होतो त्याची प्रत घ्या, सरकारी मदत वेगळी आणि विमा वेगळा, पण पाणी आलं होतं याचा तो पक्का पुरावा.

2024 च्या नियमाप्रमाणं क्लेम कळवल्यावर 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा, आणि रिपोर्ट मिळाल्यावर कंपनीनं 7 दिवसांत निर्णय. सर्व्हेअरशी भांडू नका, चहा द्या, यादी टाइप करून हातात द्या. तो लिहितो त्यातला प्रत्येक आकडा समोर बसून वाचून घ्या. रिपोर्टची प्रत मागा.

पैसे कमी दिले किंवा नाकारले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकून निकाल देणारा अधिकारी, आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं. वर्षाच्या आत जायचं, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, फी नाही, वकील लागत नाही. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर पण तक्रार टाकता येते, फोन 155255. त्याच्यापुढं ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे.

2019 ला मी पण लोकपालांकडं निघाले होते. रविवारी सगळे कागद पसरून अर्ज लिहायला बसले, त्यात पॉलिसीचा नंबर घालायचा होता म्हणून पॉलिसी काढली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बावीस पानं. त्यात मशीन हा शब्द कुठंच नव्हता. अर्ज तसाच अर्धा ठेवला आणि मशिनं उघडून वाळवायला घेतली, चारपैकी दोन चालली.